आडव्या विहिरीचे हावगीराव

हावगीराव बिरादार यांच्यासोबत मी लातूरच्या एमआयडीसीत आठ-नऊ वर्षं काम केलं. त्या काळात घरी आल्यावर चपला काढता काढताच मी "आज त्या माणसानं" अशी सुरुवात केली नाही, असा आठवडा मला आठवत नाही. पुढं पुढं तर माझे मिस्टर चहाचा कप हातात देऊन स्वतःच विचारायचे, "हं, आज काय केलं हावगीरावांनी?" ते त्यांना कधी भेटले नव्हते, पण ओळखत माझ्याइतकंच होते.

आमचा कारखाना वंगणाचा. मोटारसायकलीत ओततात ते नव्हे. खनिज तेलाच्या काही विहिरी सरळ खाली दीड-दोन किलोमीटर जातात आणि मग वळून खडकाच्या थरातून आडव्या जातात, जवळपास तितक्याच लांब. अशी विहीर साफ करायची म्हटली की एका अजस्र रिळावर गुंडाळलेली पोलादी नळी तिच्यात सोडतात. उभ्या भागात नळी आपल्या वजनानं उतरते. आडव्या भागात तिला वरून ढकलावं लागतं. ती आतल्या भिंतीला घासते. घासली की आधी सापासारखी नागमोडी होते, मग स्प्रिंगसारखी वेटोळी होऊन भिंतीला भिडते, आणि तिथून पुढं वरून कितीही जोर लावा, खालचं टोक जागचं हलत नाही. ते हलावं म्हणून पाण्यात मिसळून जे वंगण त्या नळीतून सोडतात, ते आम्ही करडईच्या आणि सोयाबीनच्या तेलापासून बनवायचो. मालक अप्पांच्या घराण्याची जुनी तेलगिरणी होती, तिच्यातून हा धंदा निघाला. मी उत्पादन बघायची, हावगीराव प्रयोगशाळा. म्हणजे माल तयार करायचा मी आणि अडवायचा त्यांनी.

घर्षण कमी करणारा माणूस जगाशी घासत असतो, हा विनोद कारखान्यात इतक्या जणांनी इतक्या वेळा केलाय की मी तो इथं करत नाही.

हावगीराव उदगीरचे, आजोळ बिदरकडचं. ठेंगणे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. बोलणं आमच्यासारखंच, लातुरी. पण नकार मात्र कन्नडमधून यायचा. ट्रक दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मी नमुन्याची बाटली घेऊन त्यांच्या टेबलाजवळ. ते बाटली उजेडात धरणार, थेंबभर बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "इल्ला."

"अहो, पण काय इल्ला? सकाळी तर बरोबर होतं."

"सकाळी बरुबर व्हतं म्हणून तर सकाळी इल्ला म्हन्लो न्हाई."

ट्रक परत जायचा. अप्पा मला बोलावून घ्यायचे, त्यांना नाही. त्यांना बोलण्यात अर्थ नाही हे अप्पांनी माझ्या आधीच ओळखलं होतं.

हे तेल बोटावर चोळणं फक्त कारखान्यापुरतं असतं तरी चाललं असतं. अप्पांच्या मुलीचा साखरपुडा अहमदपूरला होता. नवऱ्याकडची मंडळी तालेवार, मार्केट यार्डात त्यांची आडत. आम्ही सगळे कारखान्यातले आवर्जून गेलो होतो. जेवणाच्या आधी हावगीराव दिसेनात म्हणून मी मांडवामागं गेले, तर हे आचाऱ्याच्या कढईजवळ उभे. चमच्यातलं तेल बोटावर घेतलेलं. तेवढ्यात व्याही तिथं आले, पाहुण्याला काही हवंय का बघायला. हावगीराव त्यांना म्हणाले, "ह्ये तेल थकलंय. सुनंच्या साखरपुड्याला तरी नवं वता."

व्याह्यांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. अप्पांनी ते ऐकलं आणि दिवसभर जेवले नाहीत. खरं सांगायचं तर तेल थकलेलंच होतं, माझा घसा दोन दिवस धरला होता. पण म्हणून कुणी बोलतं का? परतीच्या गाडीत मी त्यांना हेच विचारलं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मंग कुनाला सांगायचं व्हतं? कढईला?"

कारखान्याच्या आवारात त्यांनी बोअरचे केसिंग पाइप एकाला एक जोडून आडवे टाकून ठेवले होते, कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जवळ ठिबकच्या नळीचं वेटोळं. कुणीही नवा माणूस आला की त्याला ती नळी पाइपात ढकलायला लावायची. मी मुलाखतीला आले तेव्हा मलाही लावली होती, नव्या साडीत. नळी थोडी आत जाते आणि थांबते. मग माणूस जोर करतो, नळी बाहेरच वाकडी होते, माणूस घामाघूम. मग हावगीराव वंगण घातलेलं पाणी आत सोडायचे आणि म्हणायचे, "आता ढकला." पोरगीसुद्धा ढकलेल इतक्या सहज ती जायची. बँकेचे साहेब, विमा एजंट, अप्पांचे ते व्याहीसुद्धा, कुणी सुटलं नाही. एका सरकारी अधिकाऱ्याच्या पांढऱ्या पँटवर तेल उडालं तेव्हा माझे कान मीच धरले. हावगीराव म्हणाले, "करडईचं हाय. ऊन पान्यानं निघतंय." ते निघालं नाही.

मग नांदेडची कॅन. वाळवंटातल्या एका विहिरीवरची मोठी ऑर्डर आम्हाला मिळणार होती. माल तयार होता. हावगीरावांचं म्हणणं, त्या विहिरीतलं पाणी मागवा, त्यात वंगण मिसळून बघू. मी म्हटलं, मीठ घालून बघा की आपल्याच पाण्यात. तर म्हणाले, "ताई, लातूरच्या बोअरच्या पान्यात साबणाला फेस येतो का? न्हाई येत. का की त्यात चुना हाय. तिथल्या पान्यात काय हाय, ते तिथलंच पानी सांगंल." झालं. पाण्याची कॅन रेल्वेनं नांदेडला आली. ती आणायला हे स्वतः निघाले, आणि अप्पांनी मला सोबत पाठवलं. का, तर रस्त्यात ह्यांनी कुणाशी भांडू नये.

परतीची एसटी खच्चून भरलेली. हावगीराव कॅन मांडीवर घेऊन बसलेले, बाळ घेतात तशी. खाली ठेवा म्हटलं तर, "हिंदळलं की गाळ उठतो." लोह्याच्या पुढं कुठंतरी झाकणातून पाणी झिरपायला लागलं, आणि शेजारी लग्नाला निघालेल्या एका बाईंच्या पदरावर पांढरा डाग पसरला. बाई चिडल्या.

"काय सांडून राहिले ओ तुम्ही? पैठणी हाय ही."

"पानी हाय, बाई."

"पान्याचा असा डाग पडतो का?"

यावर कुणीही माफी मागितली असती. हावगीरावांचे डोळे चमकले. त्यांनी त्या पदराकडं निरखून बघितलं आणि मला म्हणाले, "बगा ताई, किती चुना हाय. म्या म्हन्लोच व्हतो." मग त्या बाईंनी अहमदपूर येईपर्यंत आम्हा दोघांच्या सगळ्या पिढ्या काढल्या. माझ्यासुद्धा. मी काय केलं होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचं तयार वंगण त्या पाण्यात ओतलं. दुधात लिंबू पिळल्यासारखं ते फाटलं. गोळे गोळे वर आले. तसंच गेलं असतं तर नळी सरकणं राहिलं बाजूला, ती त्या चोथ्यानं तुंबली असती. सगळा माल नव्यानं करावा लागला. मला हायसं वाटायला हवं होतं. पण रात्रपाळ्या लावून तो माल मी केला होता, आणि हे गोळ्यांकडं बघून खुशीत होते. मला त्या बाटलीनंच त्यांच्या डोक्यात हाणावंसं वाटलं.

त्यांनी मिश्रण बदललं. फाटणारा घटक कमी केला, दुसरा घातला, नमुने तापवून बघितले आणि "हाव, जाऊ द्या" म्हणाले. माल गेला. ऑर्डर कायमची झाली. पिंपं भरायला माणसं वाढवली. त्यात उमरीकडचा मुनीर होता, चपळ आणि हसतमुख, भरण विभागाचा मुकादमच झाला होता तो. लातुरात खोली घेऊन बायको-लेकीला घेऊन राहायला आला. दीड वर्ष बरं गेलं.

मग तिकडून फोन आला. आधीच्यांपेक्षा लांब अशा एका विहिरीत नळी आडव्या भागात अडकली. टोकापर्यंत पोचायला थोडकंच अंतर राहिलं होतं, पण पुढं जाईना. शेवटी परत ओढून काढावी लागली, काम वाया. वंगण कुचकामी, असं म्हणणं होतं. अप्पांनी आम्हा दोघांना पाठवलं आणि मला एकटीला गाठून सांगितलं, "बाई, बोलायचं तुमी. त्याला तोंड उघडू देऊ नका."

तिथले प्रमुख आसामचे गोगोई म्हणून होते, शांत माणूस. आम्ही पोचलो तोवर त्यांनी आपल्या लोकांकडं चौकशी केली होती. ते स्वतःच म्हणाले, "मॅडम, गलती हमारी निकली." वंगण आधीपासून, नळी आडव्या भागात शिरायच्या आत सोडायचं असतं. त्यांच्या माणसांनी ते नळी अडायला लागल्यावर सोडलं होतं. मी मनातल्या मनात कुलदैवताला हात जोडले. ते तसाच रिपोर्ट लिहिणार होते. आम्हाला फक्त चहा पिऊन निघायचं होतं.

हावगीराव म्हणाले, "ठैरो साब. मेरेकू एक पिंप देखना है."

मी त्यांच्या बाहीला धरलं. खरंच धरलं, सगळ्यांसमोर. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला. त्याच मालातल्या शिल्लक पिंपातून नमुना काढला, विहिरीच्या आत असते तितक्या उष्णतेवर ठेवायला सांगितला आणि दिवसभर तिथल्या प्रयोगशाळेच्या तंबूसमोर खुर्ची टाकून बसून राहिले. मी तीनदा सांगितलं, चला, गाडी उभी आहे. संध्याकाळी त्यांनी तो नमुना बाहेर काढला, बोटावर घेतला, चोळला. मग गोगोईंच्या पुढं हात धरला. तेलाचा बुळबुळीतपणा गेला होता. बोटावर नुसतं पाणीच होतं जणू.

"हमारा भी गलती है," ते म्हणाले. "म्या लातूरला तापवून बगितलो, पन घंटाभर. इस लंबे कुएं में नळी तो दिनभर अंदर रहती. ये मेरी गलती है. लिखो."

गोगोई त्यांच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, ते म्हणाले, "लिखना पडेगा, मॅडम."

परतीचा सगळा प्रवास मी त्यांच्याशी बोलले नाही. लातूर आलं तेव्हा एवढंच विचारलं, "त्यांनी चूक मान्य केली होती. तुम्हाला काय गरज होती?"

"ताई, त्यांनी पुढच्या टायमाला वंगण येळेवर सोडलं असतं. तरी नळी अडकली असती. मंग?"

बरोबर होतं. म्हणूनच जास्त राग आला.

ऑर्डर बंद झाली. अप्पांनी हावगीरावांना काढलं नाही. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. फक्त त्यांच्याशी बोलायचं सोडलं, निरोप माझ्यामार्फत चालायचे. कारखाना निम्म्या दिवसांवर आला. पिंपं भरणारे एकेक करून घरी बसले. मुनीर सगळ्यांत शेवटी. ज्या दिवशी त्याचं काम थांबलं त्या दिवशी तो गेटवर हावगीरावांची वाट बघत उभा राहिला. मला वाटलं, आता भांडण होणार. पण मुनीर आवाज न चढवता बोलला.

"साहेब, खरं तुम्ही बोलले. घरी आम्ही बसलो. हे कसं झालं?"

कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार असणारा हा माणूस डबा या हातातून त्या हातात घेऊ लागला. मग म्हणाला, "खरंय तुझं." आणि आत गेला. मुनीर मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, मी शिव्या द्यायला आलो होतो." त्या आठवड्यात तो खोली सोडून उमरीला गेला.

त्यानंतरचे हावगीराव मला जास्तच जड गेले. 'इल्ला' म्हणायला मालच नव्हता. ते सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, नमुने तापत ठेवायचे, दिवसभर त्यांच्याजवळ बसायचे. जेवायचे नाहीत. घरून त्यांच्या बायकोचा, शकुंतलाबाईंचा फोन यायचा, "मॅडम, डबा भरलेलाच परत येऊलालाय. तुमी तरी सांगा की." मी सांगायची. ते म्हणायचे, "हाव." डबा तसाच परत जायचा. असं कितीतरी महिने. शेवटी पाण्यात फाटणार नाही आणि दिवसभराच्या उष्णतेत सुटणार नाही असं मिश्रण त्यांना जमलं, पण घ्यायला कुणी नव्हतं. ते निवृत्त झाले. निरोप समारंभ मी ठरवला होता, हार आणला होता. त्या दिवशी ते दुपारीच उदगीरच्या बसनं निघून गेले. हार मी गेटवरच्या गणपतीला घातला.

दोन-तीन महिन्यांनी गोगोईंचा फोन आला. ते आता दुसऱ्या क्षेत्रावर होते. पहिलाच प्रश्न, "वो आपके बुजुर्ग अभी हैं?" मी म्हटलं, निवृत्त झाले, पण माल त्यांचाच आहे. त्यांनी आधी थोडा मागवला. नळी टोकापर्यंत गेली. मग ऑर्डर आली. मी ही बातमी उदगीरला फोनवर सांगितली. मला वाटलं, आता तरी हा माणूस दोन चांगले शब्द बोलेल.

"तिथल्या पान्यात बगितलाव का?"

"बघितलं."

"मुनीरला बोलावलाव का?"

नव्हतं बोलावलं. नवी माणसं घेतली होती. मग रोज सकाळी फोन. मुनीरला बोलावलं का. त्याचा नंबर लागत नाही म्हटलं, तर, "गाव तर लागतंय की." शेवटी मला नांदेडला कामासाठी जायचं होतं तेव्हा मी त्यांना अहमदपूरला गाडीत घेतलं. ते उदगीरहून बसनं येऊन स्टँडवर उभे होते. वाळले होते, शर्ट गळ्याशी सैल झाला होता, पण बटण लावलेलं. वाटेत ड्रायव्हरला चारदा सांगितलं की गिअर चुकीचा टाकतोस.

नांदेड मागं टाकून आधी उमरीला गेलो; तिथं मुनीर लगेच सापडला. स्टँडच्या रस्त्याला त्यानं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. आम्हाला बघून दचकला, मग बाकडं पुसून दिलं. चहा सांगितला.

"चल," हावगीराव म्हणाले. "काम आलंय. तुजी जागा हाय." ही जागा आहे की नाही हे ठरवणारी मी शेजारीच बसले होते. पण असो.

मुनीर हसला. "नको साहेब. हितं बरं चालून राहिलं. पोरगी हितल्याच शाळेत जाती."

"विचार करून बघ."

"केला, साहेब. नको."

मग हावगीराव खाली बघत म्हणाले, "त्या दिशी तू जे इचारलास, त्याचं उत्तर मला न्हाई सापडलं अजून."

"मी बी कुठं शोधत बसलो," मुनीर म्हणाला. "चहा घ्या, गार होऊन राहिला."

तो कामाला लागला. नांदेडला माझी माणसं खोळंबली होती. मी बाहेर जाऊन दोन फोन केले, ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली आणि परत येऊन बघते तर हावगीराव बाकड्यावर भिंतीला टेकून झोपलेले. तोंड किंचित उघडं, चपला खाली सरळ लावून ठेवलेल्या. इतक्या वर्षांत हा माणूस स्वस्थ असलेला मी पहिल्यांदा पाहत होते, आणि तेही नेमकं मला उशीर झालेला असताना. मी हाक मारायला पुढं झाले. मुनीरनं हात आडवा केला.

"राहू द्या, मॅडम. तुम्ही जा. मी बसवून देतो त्यांना संध्याकाळच्या बसमध्ये."

मी गाडीत बसले. पुढं पावसाळ्यात हावगीराव बिदरला लेकीकडं गेले आणि तिकडंच वारले. त्यामुळं त्यांना पाहिलं ते त्या दिवशीचंच शेवटचं. मी गाडीत बसत होते तेव्हा एक गिऱ्हाईक आपली दुरुस्त झालेली मोटारसायकल न्यायला आलं होतं. त्यानं गाडीवर बसून किकवर पाय ठेवला. मुनीरनं त्याला खांद्याला धरून खाली उतरवलं, बाकड्यावर झोपलेल्या हावगीरावांकडं मानेनं खूण केली, आणि ती गाडी स्वतः ढकलत पार रस्त्याच्या पलीकडं, पानाच्या टपरीपाशी नेऊन दिली. तिथं मग तिला किक मारली.